‘बेपत्ता’ या शब्दाचे वाचन

मी राहतो त्या सदाशिव पेठेला एका बेपत्ता माणसाचे नाव आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. काशीराजाच्या वृत्तांतानुसार शिर नसलेले एक धड अंगावरच्या खुणांवरून भाऊंचे ठरवून त्याला अग्नी देण्यात आला. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. १७८३ मध्ये निधन होईपर्यंत त्या सौभाग्यवतीच राहिल्या. मधल्या काळात भाऊंचा तोतया निघाला. न. चिं. केळकरांच्या नाटकाला नाव मिळाले ते त्याचे, ‘तोतयाचे बंड’. वाट पाहणारीचे नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्या अवजड बॉम्बफेकी विमानांवरचे लेखन वाचताना माझी हीच तक्रार असते. सांगाडा कसा सापडला याचे वर्णन रंगते. विमान ‘बेपत्ता’ ठरवणारा कागद मात्र कोणी नीट वाचत नाही.

‘लेडी बी गुड’चे उदाहरण घ्या. हे अमेरिकी बी-२४ लिबरेटर जातीचे विमान. (याच जातीची, कानपूरला मोडीत टाकलेली विमाने दुरुस्त करून आपल्या हवाई दलाने पुढे लोहगावहूनही उडवली, १९६८ पर्यंत ती सेवेत होती.) ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या तळावरून ते नेपल्सच्या मोहिमेवर निघाले आणि परतले नाही. ते भूमध्य समुद्रात बुडाले असावे, असे धरले गेले. प्रत्यक्षात ते रात्री तळ ओलांडून शेकडो किलोमीटर आत, वाळवंटात गेले होते. तळाने दिलेल्या दिशेवरून विमान कोणत्या रेषेवर आहे ते कळे. तळाच्या अलीकडे की पलीकडे, हे कळत नसे. चुकीचे हेच कारण बहुधा मानले जाते. १९५८ मध्ये तेलाचा शोध घेणाऱ्यांना विमान दिसले. नऊपैकी आठ जणांचे अवशेष १९६० मध्ये मिळाले. सहवैमानिक रॉबर्ट टोनर यांच्या रोजनिशीतली अखेरची नोंद १२ एप्रिलची. म्हणजे कागदोपत्री समुद्रात बुडालेला माणूस आठ दिवस पाण्यासाठी वाळू तुडवीत होता.

आमच्या पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, राजवाडे, यांनी बखरीपेक्षा अस्सल समकालीन कागद मोलाचा, हे आम्हाला शिकवले. टोनरची रोजनिशी समकालीन आहे, आणि समुद्राचा तर्कही समकालीनच. अस्सलपणाच्या कसोटीवर दोन्ही उतरतील. म्हणून त्या कसोटीला एक पोटप्रश्न जोडला पाहिजे: या कागदात डोळ्यांनी पाहिलेले किती आणि अनुमान किती?

हा प्रश्न केवळ अभ्यासकाच्या सोयीचा नाही. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून आसामातल्या छाबुआकडे निघालेले ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे लिबरेटर आठ जणांसह नाहीसे झाले. २००६ मध्ये त्याचे अवशेष अरुणाचलच्या डोंगरांत सापडले. त्यातील रॉबर्ट ऑक्सफर्ड यांचा दफनविधी जॉर्जियात २०१७ साली झाला. ७३ वर्षे! एवढ्या काळात वाट पाहणारी एक पिढी संपते.

पार्वतीबाईंना आपण भाबडी श्रद्धा बहाल करून मोकळे होतो. मला त्यांच्या नकारात साक्षीपुराव्याचा आग्रह दिसतो. भाऊ बहुधा पानिपतावरच पडले. तरीही शिर नसलेल्या धडाची ओळख हे अनुमान होते, आणि त्या अनुमानावर कुंकू पुसायला एका बाईने नकार दिला. आमच्या साधनचिकित्सेत या नकाराला अजून जागा मिळालेली नाही.