तळ्याकाठी गाडी थांबते तेव्हा

व्हॅनलाइफच्या रील्सचा एक ठरलेला साचा आहे. व्हॅनचं मागचं दार उघडं, दारातून दिसणारं तळं, अंथरुणावर पसरलेले दोन पाय, हातात वाफाळता मग, मागे गिटार. मी ही रील्स आवडीनं बघते. पण बघताना मला त्या चौकटीबाहेरचं कुतूहल वाटत राहतं. ते कॅम्पग्राउंड सकाळी कुणी झाडलं? तिथलं शौचालय कोण धुतं? शेजारी जी जुनाट गाडी उभी आहे तिच्यातला माणूस सहलीला आलाय, की तेच त्याचं घर आहे?

ही चौकट इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधी अमेरिकन पुस्तकांत तयार झाली. एकटा माणूस, झोपता येईल अशी गाडी, हमरस्ता सोडून आडरस्ते, आणि घाई नाही. या वाटेवरची तीन पुस्तकं एकापाठोपाठ वाचण्यासारखी आहेत: जॉन स्टाइनबेकचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (1962), विल्यम लीस्ट हीट-मूनचं 'ब्लू हायवेज' (1982) आणि जेसिका ब्रूडरचं 'नोमॅडलँड' (2017). ती वाचताना मी एकच गोष्ट तपासत गेले: गाडी थांबल्यावर लेखक काय करतो? कारण असल्या पुस्तकांची परीक्षा चालत्या गाडीत होत नाही, मुक्कामाला होते असं माझं मत झालं आहे.

स्टाइनबेक निघाला सप्टेंबर 1960 मध्ये. वय 58, तब्येत नरमगरम, नाव जगभर झालेलं. आपण अमेरिकेबद्दल लिहितो खरं, पण गेली पंचवीस वर्षं हा देश आपण धड पाहिलेलाच नाही, ही त्याची टोचणी होती. त्यानं जीएमसीचा पिकअप ट्रक घेतला आणि त्यावर पलंग, शेगडी, फ्रिज असलेलं छोटं घर बसवून घेतलं. डॉन किहोटेच्या घोड्यावरून गाडीचं नाव ठेवलं रोसिनांते. सोबतीला चार्ली नावाचा म्हातारा फ्रेंच पूडल कुत्रा. न्यूयॉर्कजवळच्या सॅग हार्बरहून निघून देशाला वळसा घालून परत यायचं, असा बेत.

पुस्तकातला मला सर्वात आवडलेला मुक्काम मेन राज्यातला आहे. अरुस्टुक हा बटाट्यांचा मुलूख. स्टाइनबेक तळ्याकाठी गाडी लावतो. पलीकडे कॅनडातून हंगामापुरती बटाटे काढायला आलेली फ्रेंच बोलणारी कुटुंबं तंबू टाकून राहिली आहेत. चार्ली त्यांच्याकडे जातो, त्याला आणायच्या निमित्तानं मालक जातो, ओळख होते, आणि रात्री ती मंडळी कॅम्परमध्ये पाहुणी म्हणून येतात. स्टाइनबेक जपून ठेवलेली ब्रँडी त्यांच्यासाठी फोडतो. एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं बसलेली माणसं आणि यजमानपणात रमलेला लेखक. हा माणूस पाहुणचार मनापासून करतो आणि तसाच लिहितो.

पण त्या मजुरांना पाहून त्याच्या मनात जे विचार येतात ते जरा थांबून वाचावेत. त्याला चिंता वाटते ती अशी, की आपण अमेरिकन आळशी आणि मऊ झालो, वाकून शेतातलं पीक काढायलाही परक्यांना बोलावतो, उद्या हेच लोक आपल्याला भारी पडले तर? चिंतेचा सगळा रोख 'आपल्या'कडे आहे. समोरच्या माणसांची मजुरी, त्यांची पोरं, त्यांची थंडी हे प्रश्न ब्रँडीच्या उबेत मागे राहतात.

हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हा 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'चा लेखक आहे. 1936 मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्यांतून हिंडला, वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली, आणि 1939 मध्ये त्यातून ती कादंबरी आली. तिच्यातलं जोड कुटुंब जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक बनवतं, वर गाद्या टाकतं आणि रूट 66 ला लागतं. स्टाइनबेकच्या साहित्यातला पहिला कॅम्पर तो. त्यात फुरसत नव्हती. जमीन गेली होती आणि पोट होतं. बीडकडून ऊसतोडीला निघालेली टोळी, ट्रॅक्टरवर लादलेला संसार आणि फडाजवळची कोपी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जोडांच्या ट्रकची ओळख करून द्यावी लागत नाही. एकवीस वर्षांनी तोच लेखक हौसेनं बनवून घेतलेल्या गाडीत बसून तसल्याच माणसांना भेटतो आणि त्यांच्याबद्दल जुना प्रश्न विचारत नाही. या पुस्तकाबद्दलची माझी मुख्य तक्रार ही आहे.

पुस्तकाच्या शेवटाकडे मात्र ही ऊब टिकत नाही. न्यू ऑर्लिन्सला नोव्हेंबर 1960 मध्ये रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली, आणि रोज सकाळी बायकांचा घोळका दाराशी उभा राहून तिला शिव्या देऊ लागला. स्टाइनबेक ते बघायला जातो. नंतर त्याला काहीच दिसेनासं होतं. व्हर्जिनियात ॲबिंग्डनजवळ आपला प्रवास संपलाच, असं तो सांगतो. घर अजून लांब असतं, आणि उरलेला रस्ता फक्त कापायचा असतो. मला ही पानं पुस्तकातली सर्वात प्रामाणिक वाटतात. याच देशात 1936 पासून तीन दशकं 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका निघत होती, कारण काळ्या प्रवाशांना कुठं जेवायला मिळेल आणि कुठं झोपता येईल हे आधी शोधून निघावं लागे. तळं दिसलं की गाडी लावायची, ही चैन सगळ्यांची नव्हती. एकट्या बाईची ती आजही किती आहे, हे ज्या मुली ट्रिपच्या आधी घरी लोकेशन शेअर करतात त्यांना विचारा.

आता गाजलेला आक्षेप. बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकारानं 2010 मध्ये स्टाइनबेकचा मार्ग पुन्हा धुंडाळला आणि दाखवून दिलं, की लेखक कॅम्परमध्ये फार थोड्या रात्री झोपला. बऱ्याच रात्री मोटेलांत आणि हॉटेलांत गेल्या, बरेच दिवस पत्नी इलेनही सोबत होती, आणि काही भेटी-संवाद रचलेले असावेत. 2012 च्या पेंग्विन आवृत्तीत अभ्यासक जे परिनीनं प्रस्तावनेतच सांगून टाकलं, की हे पुस्तक शब्दशः खरं धरू नये.

कोण कुठं झोपला याचं मला विशेष वाटत नाही. साठीला टेकलेल्या माणसानं गरम पाण्यासाठी मोटेल गाठलं तर त्यात काय बिघडलं? संवाद रचले असतील तर मात्र बिघडतं. देशाचं म्हणणं ऐकायला निघालोय, हाच या पुस्तकाचा शब्द आहे. ऐकण्याच्या जागी लेखकाचाच आवाज वेगवेगळ्या टोप्या घालून बोलत असेल, तर वाचकाला देश भेटत नाही, स्टाइनबेक भेटतो. तो भेटण्यासारखा माणूस आहे, हा भाग वेगळा.

एक हिशेब मी गंमत म्हणून केला. स्टाइनबेकनं साधारण अकरा आठवड्यांत दहा हजार मैल कापले. म्हणजे दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर. हीट-मूननं तीन महिन्यांत तेरा हजार मैल, म्हणजे दिवसाला जवळपास पुणे ते कोल्हापूर. रोज! याला निवांत प्रवास कोण म्हणेल? तरी दोन्ही पुस्तकं वाचताना आपल्याला निवांत वाटतं. ती फुरसत लिहिण्यात आहे. तासन् तास गाडी हाकल्याचं एका ओळीत संपतं आणि अर्ध्या तासाच्या गप्पांना चार पानं मिळतात. म्हणूनच ती चार पानं कुणाला दिली, हे पाहावं लागतं.

हीट-मून इथे स्टाइनबेकच्या पुढे जातो. मार्च 1978. वय 38, शिकवण्याची नोकरी गेलेली, बायकोशी फारकत. तो मिसुरीतल्या कोलंबियाहून फोर्डच्या साध्या व्हॅनमधून निघतो. प्लेन्समधल्या आदिवासींच्या घोस्ट डान्सवरून गाडीचं नाव ठेवतो घोस्ट डान्सिंग. जुन्या नकाशांत मोठे रस्ते लाल आणि आडरस्ते निळे छापलेले असत. त्यावरून पुस्तकाचं नाव. 1956 च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं आणि निळ्या रस्त्यांवरची गावं वाहतुकीच्या वाटेतून बाजूला पडली. हीट-मून नेमका त्या गावांत जातो. टेनेसीतलं नेमलेस हे गाव तो निव्वळ नावासाठी शोधतो आणि तिथल्या जुन्या दुकानदाराच्या घरी जेवून निघतो. भिंतीवर जितकी कॅलेंडरं जास्त तितका कॅफे चांगला, असं त्याचं एक मोजमापही आहे. असल्या बारकाव्यांवरून कळतं, की हा माणूस बसतो, बघतो, आणि समोरच्याला बोलू देतो. लोकांची बोली तो सपाट करत नाही. भेटलेल्यांचे फोटो पुस्तकात आहेत.

आणि तो कंटाळतोही. ओरेगनमध्ये पाऊस थांबत नाही, व्हॅनच्या पत्र्याखाली दिवस सरत नाहीत, परत फिरावं असं वाटू लागतं. निवांतपणाच्या पोटात एकटेपणा असतो, हे तो लपवत नाही. त्याच्या पुस्तकातही दोष आहेत. माणसं सारखी शहाणपणाची वाक्यं बोलतात, आणि पुस्तक शंभर पानं कमी असतं तरी चाललं असतं. पण त्या चार पानांचा मान तो ठेवतो.

'नोमॅडलँड'मध्ये कॅमेरा उलटा फिरतो. 2008 च्या मंदीत घर आणि निवृत्तीची पुंजी गमावलेले म्हातारे अमेरिकन व्हॅनमध्ये राहायला गेले आणि हंगामी कामांमागे देशभर हिंडू लागले. मध्यभागी आहे साठी ओलांडलेली आजी, लिंडा मे. 'स्क्वीझ इन' नाव दिलेला जेमतेम दहा फुटी ट्रेलर ओढत ती कॅलिफोर्नियात, बिग बेअर लेकच्या परिसरातल्या हॅना फ्लॅट कॅम्पग्राउंडवर पोचते. मुक्कामाला नाही, कामाला. हुद्दा 'कॅम्पग्राउंड होस्ट', काम शौचालयं धुण्याचं, राख उपसण्याचं, रात्री दंगा करणाऱ्यांना समजावण्याचं. पगार तासाला दहा डॉलरपेक्षा कमी. एरवी ती ॲमेझॉनच्या गोदामात राबलेली. सुरुवातीला मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे नावानिशी मिळतं. तळ्याकाठची निवांत सकाळ चौसष्ट वर्षांची बाई ब्रश घेऊन तयार करत असते.

ब्रूडर दया दाखवत नाही, हे तिचं बळ. लिंडा हसरी आहे, हिकमती आहे, स्वतःच्या जमिनीवर टाकाऊ टायर आणि मातीचं घर बांधायचं स्वप्न घेऊन फिरते. ब्रूडरनं स्वतः व्हॅन घेतली, तीत राहिली, ही कामंही करून पाहिली. क्लोई झाओच्या 2020 च्या चित्रपटाबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. ऑस्कर मिळाला, फ्रान्सिस मॅकडॉर्मंड अप्रतिम आहे, लिंडा मे स्वतःच्याच भूमिकेत आहे. पण फर्न या काल्पनिक नायिकेला दोनदा घर देऊ केलं जातं आणि ती दोन्ही वेळा व्हॅन निवडते. पुस्तकातली अडचण पडद्यावर स्वभाव होऊन जाते. संधिप्रकाशातल्या त्या सुंदर माळरानांतून रीलच्या चौकटीत परतायला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडेही ही चौकट आली आहे. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पवनेच्या काठी तर शनिवारी तंबूंच्या रांगा लागतात, बार्बेक्यू, गिटार सगळं असतं. त्या पाण्याखाली गावांच्या जमिनी आहेत, आणि पवना धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळला आहे. यावर कुणी फर्मास प्रवासलेखन करील तर मी ते जरूर वाचेन, आणि त्यात रात्री तंबू ठोकून देणारा पोरगा किती वाक्यं बोलतो ते मोजेन.

'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' वाचू नका, असं मी म्हणणार नाही. त्यातलं गद्य देखणं आहे आणि चार्ली विसरता येत नाही. फक्त ते 'ग्रेप्स ऑफ रॉथ' आणि 'नोमॅडलँड' यांच्या मध्ये ठेवून वाचा. एका टोकाला जोडांचा ट्रक, दुसऱ्या टोकाला लिंडाचा ट्रेलर, आणि मधे स्टाइनबेकची ब्रँडी. तिची चव मग जरा वेगळी लागते.