दृष्टान्तातले किडे

नरकचतुर्दशीला पहाटे पणत्या लावाव्यात आणि उजाडल्यावर त्या आवरताना तेलात बुडालेले दोन-चार पतंग आणि भाताच्या रानातून आलेले हिरवे तुडतुडे काडीने बाजूला काढावेत, हा उद्योग आपल्याकडे घरोघर चालतो. आमच्या द्वारकेवर त्यासाठी पणतीचीही गरज नाही. (ही द्वारका नाशिकची, भगवंताची नव्हे. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता जेथे मिळतो तो हा चौक. येथे प्रत्यक्ष भगवंत आले तरी रस्ता ओलांडायला त्यांना पोलिसाच्या शिट्टीची वाट पाहावी लागेल.) पाऊस सरता सरता येथल्या दिव्यांभोवती किड्यांची इतकी दाटी होते की टपरीवाला चहाच्या पेल्यावर बशी पालथी घालून देतो. गेल्या वर्षी ती बशी मी उचलत होतो, तेव्हा शेजारचे एक गृहस्थ दिव्याकडे पाहत सहज म्हणाले, "वेडे आहेत बिचारे. प्रेमापायी जीव देतात."

मराठी वाचलेल्या माणसाचे हे असेच होते. त्याला पतंग दिसत नाही, दृष्टान्त दिसतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या मुखात शिरणारे योद्धे पतंगांसारखे आहेत. ज्ञानदेवांनी ती उपमा मराठीत आणली. पुढे फारसी-उर्दूकडून शमा आणि परवाना आले आणि पतंगाचा प्रियकर झाला. मग भावगीतांतून, नाटकांतून, आमच्या मुलांच्या निबंधांतून हा पतंग जो जळत राहिला तो आजतागायत. त्याला विचारले मात्र कोणी नाही की, बाबा, तुझे खरोखर या दिव्यावर प्रेम आहे काय?

विचारले ते अलीकडे. २०२४ च्या जानेवारीत काही शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेले निरीक्षण प्रसिद्ध झाले. पतंग दिव्याकडे धाव घेत नाही. तो दिव्याकडे पाठ करतो. उडताना पाठ उजेडाकडे ठेवावयाची हा त्याचा उपजत स्वभाव, कारण लक्षावधी वर्षे रात्रीचा काय तो अंधुक उजेड वरूनच येत आला आहे. माणसाने उजेड खाली आणला. पतंग त्याला आकाश समजतो, पाठ वळवतो, कलतो आणि कलता कलता घिरट्यांत सापडतो. मी हे वाचले त्या दिवशी मला त्या गृहस्थांचे वाक्य आठवले. प्रेमापायी मरणाऱ्या पतंगाची उपमा आता मला थोडी गुळचट वाटू लागली आहे. जवळच्या दिव्याला आकाश समजून फसलेला पतंग मात्र कितीतरी माणसांना शोभेल.

आपल्या साहित्यातल्या या लहान जिवांकडे लिहिणाऱ्याने एकदा तरी डोळे उघडून पाहिले होते काय, एवढीच गोष्ट मला येथे तपासावयाची आहे. पाहिल्याने उपमेचे बिघडते असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलट आहे.

किड्यांचा अनादर आपल्या परंपरेने केला असे म्हणता येणार नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे (शास्त्र कोळ्याला कीटक म्हणत नाही, पण घरातली केरसुणी हा भेद मानीत नाही), आणि अखेरीस भिंगुरटीही आहे. एकनाथांनी १५७३ साली काशीत पुऱ्या केलेल्या भागवतात हे सारे गुरू मराठी बोलू लागले. ज्या जिवाला आपण चपलेने मारतो त्याला गुरू म्हणणारे वाङ्मय जगात फार नसावे. परंतु गुरूच्या पाया पडून त्याच्या तोंडाकडे न पाहण्याची सवयही आपल्याला तेथूनच लागली असावी.

भिंगुरटीचेच पाहू. कुंभारीण म्हणून आपण जिला ओळखतो ती ही माशी. खिडकीच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यामागे, कधी वर्गातल्या फळ्याच्या चौकटीला ती मातीचे घर करते, एक अळी धरून आणते, आत कोंडते, तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी घर फुटते आणि आतून भिंगुरटीच बाहेर येते. त्यावरून संतांनी सांगितले की, भिंगुरटीच्या गुणगुणण्याने, तिच्या भयाने आणि ध्यासाने अळी स्वतःच भिंगुरटी होते. तसा शिष्य गुरूच्या ध्यासाने गुरू होतो.

कल्पना सुंदर आहे. आणि यातले मातीचे घर, अळी, लिंपण आणि बाहेर येणारी माशी, एवढे सगळे खरे आहे. म्हणजे कोणीतरी पाहिले होते. फक्त भिंत लिंपल्यावर आत काय होते ते पाहिले नव्हते. ते पाहिले फ्रान्समधल्या एका मास्तरांनी. आँरी फाब्र (१८२३–१९१५) हे आमच्यासारखेच बेताच्या पगाराचे शिक्षक. उन्हात पालथे पडून त्यांनी माश्या आणि भुंगेरे पाहिले आणि १८७९ ते १९०७ या काळात त्यावर दहा खंड लिहिले. आपल्या कुंभारणीच्या भाईबंदांविषयी ते सांगतात की, ती अळीला नांगी मारते, पण ठार करीत नाही. अळी लुळी पडते, जिवंत राहते, म्हणून सडत नाही. कोठडीत माशी आपले अंडे घालते. तेही कसे? छताला बारीक तंतूने टांगून, म्हणजे खाली वळवळणाऱ्या अळ्यांनी ते चिरडू नये. अंड्यातून निघालेले पोर ती ताजी शिदोरी खाऊन वाढते आणि भिंत फोडून बाहेर पडते.

अळीची भिंगुरटी झालीच नव्हती. अळी भिंगुरटीच्या पोटात गेली होती. आता हा दृष्टान्त गुरुशिष्यांना लावून पाहा. तो लागू पडणारे गुरू आपल्याकडे नाहीत असे नाही, पण संतांना ते अभिप्रेत नव्हते. माझी तक्रार संतांविषयी नाहीच. त्यांच्या हाती भिंग नव्हते. भिंग हाती आल्यावरही जे कीर्तनात, व्याख्यानात आणि पाठ्यपुस्तकाच्या टिपांत तीच अळी तशीच गुणगुणवतात, त्यांच्याविषयी आहे. त्या तंतूने टांगलेल्या अंड्यापाशी थांबला असता तर एखाद्या कवीला नवा दृष्टान्त मिळाला असता.

याच्या उलट उदाहरण ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आहे. अर्जुन स्वजनांना पाहून गळाला. शंकराशी झुंजलेला वीर ममतेत अडकला. ज्ञानदेव म्हणतात, कोरडे लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत सापडतो. तेथे तो प्राण देईल, पण पाकळी चिरणार नाही. ही कल्पना संस्कृत सुभाषितातही आढळते. मूळ मान कोणाचा हा वाद पंडितांनी घालावा. मला मोह पडतो तो 'कोरडे लाकूड' या तपशिलाचा.

कारण हे अगदी खरे आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना तो ठाऊक असेल: अंगठ्याएवढा, काळाभोर, पंखांवर निळी झाक असलेला भुंगा. ओल्या झाडाच्या वाटेला तो फारसा जात नाही. वाळलेला वासा, बांबू, जुनी तुळई पाहतो आणि कंपासने आखल्यासारखे गोल भोक पाडतो. खाली पिवळा भुसा पडतो. लाकूड तो खात नाही. आत खोल्या पाडतो, एकेका खोलीत परागाचा आणि मधाचा लाडू ठेवतो, त्यावर अंडे घालतो. (घालतो कसला, घालते, वासे पोखरणारी ही सारी माद्यांची जात.) अर्जुनाच्या बळाला शोभेल असा हा जीव आहे. सिंह, हत्ती यांच्या उपमा वापरून गुळगुळीत झालेल्या. हा मात्र वाशातला, ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचा. नेवाशाच्या श्रोत्याने तेव्हा मान वर करून पाहिले असेल.

आणि कळी? १९९६ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथल्या दोघा शास्त्रज्ञांनी दाखविले की कमळाचे फूल उमलण्याच्या दिवसांत स्वतःला ऊब देते. बाहेर दहा अंशांपर्यंत गारठा असला तरी फुलात ३० ते ३६ अंश ऊब. रात्री पाकळ्या मिटतात, आत शिरलेले कीटक अडकतात आणि सकाळी परागाने माखून बाहेर पडतात. म्हणजे ज्याला कवींनी तुरुंग म्हटले तो रात्रीचा उबदार मुक्काम निघाला. यामुळे ज्ञानदेवांच्या ओवीचे काही उणे झाले काय? मला तर ममतेचे चित्र त्याने अधिकच खरे वाटू लागले. ऊब असल्याशिवाय का कोणी अडकतो?

नाथांच्या विंचवाच्या भारुडाविषयी फार बोलत नाही. ते रंगभूमीवरच पाहावे. विंचू तेथे कामक्रोधाचा, हे उघड आहे. पण भारूड जिवंत राहिले ते विंचवामुळे नव्हे, बोंब मारणाऱ्या माणसामुळे. ती वेदना नाथांनी पाहिलेली आहे. सगळेच किडे बिचारे असतात असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. कोकणातल्या लाल विंचवाने किती घरे उजाड केली हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना विचारावे. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून देण्यापूर्वी या दंशाने दगावणारे शेकडा तीसच्या घरात होते. ते शेकडा एकाच्या आसपास आले. त्यांनीही विंचवावर राग काढला नाही. दंशानंतर रोग्याच्या हृदयाचे काय होते ते रात्र रात्र बसून पाहिले.

आधुनिकांकडे वळले की वाटते, किडे आता गुरूपदावरून उतरून शिवी झाले. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) मधली मुंगी ही मुंबईची गर्दी आहे. मुंगीशी तिचा संबंध नावापुरता. ओल्या पिपातल्या उंदरांना मात्र त्यांनी जी करुणा दिली ती मराठीत उंदराला कोणी दिली नव्हती. गद्याने आपल्याकडे वानरांना 'सत्तांतर' (१९८२) दिले, पक्ष्यांना चितमपल्ली दिले. किड्यांचा असा ललित लेखक माझ्या वाचनात तरी अजून आलेला नाही.

आणि आमच्या गावच्या थोर कवीशी माझे एक जुने भांडण आहे. 'विशाखा' (१९४२) मधल्या पृथ्वीच्या प्रेमगीतात सूर्याच्या तेजाने दिपलेली पृथ्वी इतर प्रेमिकांना झिडकारते. एकदा सूर्य पाहिल्यावर काजव्यांना गळ्याशी कसे धरावे, असा तिचा सवाल आहे. ही कविता मी वर्गात पंचवीस वेळा तरी म्हटली असेल, आणि दर वेळी अंगावर काटा आला आहे. तात्यासाहेबांपुढे बोलण्याची माझी पात्रता नाही. तरीही.

तीन-चार वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस घोटीवरून भंडारदऱ्याला गेलो होतो. कळसूबाईच्या पायथ्याकडच्या रानात पावसाच्या तोंडावर काजवे येतात. वाटाड्या एक आदिवासी मुलगा होता. त्याने बॅटरी बंद करायला लावली आणि बराच वेळ काही दिसेना. मग एक सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पेटला आणि विझला. पुन्हा पेटला. हजारो जीव एका तालात. तेवढ्यात वळणावरून मोटारींची रांग आली, दिवे झाडावर पडले, आणि ताल मोडला. मुलगा म्हणाला, "आता थांबावं लागंल, गुर्जी. त्यांना एकमेकांचं दिसंना." काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. त्या उजेडात उष्णता जवळजवळ नाही, नुसता प्रकाश. दोन-तीन आठवड्यांचे हे आयुष्य. त्याआधीचा बहुतेक काळ काजव्याची अळी ओल्या पाचोळ्याखाली, मातीत, गोगलगायी खात काढते.

म्हणजे पृथ्वीने ज्यांना गळ्याशी धरण्यास नकार दिला त्यांना तिने पोटाशी धरलेलेच होते. काव्याला असली साक्ष लावू नये हे मला समजते. कवितेतला काजवा हा क्षुद्र तेजाचा संकेत आहे आणि संकेत म्हणून तो चपखल आहे. पण त्या रात्रीनंतर वर्गात ती ओळ आली की मी क्षणभर अडखळतो. मुलांना वाटते, सर विसरले.

दुसऱ्यांच्या चुका एवढ्या काढल्यावर स्वतःची सांगणे प्राप्त आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत दुष्काळाचे प्रकरण आहे. त्यात मी लिहून गेलो की, माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. वाक्य मला फार आवडले होते. सातवीतल्या एका मुलीने ती कादंबरी घरातून आणून वाचली (न वाचण्याजोगे त्यात काही नव्हते) आणि मधल्या सुट्टीत मला विचारले, "सर, मुंगी मेली तर दुसऱ्या मुंग्या तिला उचलून नेतात. तुमच्या गोष्टीत तर माणसांना कोणी उचललंच नाही. मग मुंग्यांसारखी कशी?"

मी काहीतरी उत्तर दिले. मग रोज सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसू लागलो. तिचे खरे होते. मेलेली मुंगी दोन दिवस तशीच पडून राही, मग कोणीतरी येऊन ती तोंडात धरी आणि टाकीमागच्या एका ठरलेल्या उकिरड्यावर नेऊन टाकी. याला शोक म्हणण्याचा मोह मला झाला. पण १९५८ साली अमेरिकेत एडवर्ड विल्सन यांनी दाखविले होते की हे सगळे वासाचे काम आहे. मेलेल्या अंगाला सुटणाऱ्या तेलकट आम्लाचा थेंब जिवंत मुंगीला लावला तर तिलाही, ती पाय झाडत असताना, उचलून उकिरड्यावर टाकतात. अंग धुऊन ती परत येते. वास राहिला असला तर पुन्हा टाकतात. तेव्हा मुंगीला माणूस करणे हीही न पाहण्याचीच एक तऱ्हा.

तिने आणखी एकदा मला पकडले. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आले, ही म्हण फळ्यावर लिहिली होती. ती म्हणाली, "सगळ्यांचं नाही ना, सर?" नाहीच. पावसात उडणाऱ्या मुंग्यांतले नर मरतात. राणी, जगली वाचली तर, खाली उतरते, पंख गाळते आणि जमिनीत नवे घर मांडते. सांभाळलेली एक राणी २८ वर्षे जगल्याची नोंद आहे. आकाशात उडून सूर्य गिळणारी मुक्ताबाईची मुंगी मी इतकी वर्षे निव्वळ कोडे म्हणून शिकवीत आलो. उडण्यापुरती तरी ती खरी होती.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच तर ते वाक्य बदलावयाचे आहे. काय लिहावे ते अजून सुचलेले नाही. ती मुलगी आता दहावीत आहे. परवा चौकात भेटली, हातात काड्यापेटी. आत काय आहे म्हणून विचारले तर म्हणाली, "तुमच्यासाठीच आणलंय, सर, पण इथं उघडू नका, दिव्याकडं जाईल."