वाद्यवृंदमैफल, पाश्चात्त्य
निरनिराळ्या कालखंडांतील अभिजात रचना एकाच बैठकीत सादर करणारा वाद्यवृंदाचा कार्यक्रम. ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. अठराव्या शतकात मैफलींतून मुख्यत्वे समकालीन रचनाच वाजविल्या जात. मेंडेल्सझोनने १८२९ मध्ये बर्लिन येथे बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या विस्मृत कृतीचे पुनरुज्जीवन केले आणि १८३८ मध्ये लाइपसिक येथे कालानुक्रमे आखलेल्या ‘ऐतिहासिक मैफली’ सादर केल्या. तेव्हापासून गतकालीन संगीत हा मैफलीचा नित्य भाग होत गेला.

अशा मैफलीचे मर्म रचनांच्या निवडीइतकेच नादभेदात असते. बाखच्या ब्रांडेनबुर्क कंचेर्टोंना (१७२१) मोजकी वाद्ये पुरतात व हार्प्सिकॉर्ड त्यांना स्वराधार देते. बेथोव्हनने पाचव्या सिंफनीच्या (१८०८) अंतिम भागात ट्राँबोनची भर घातली, तर बेर्लिओझने ‘सिंफनी फँटास्टिक’साठी (१८३०) किमान साठ तंतुवादक अपेक्षिले. या सर्व कृती एकाच भरगच्च नादात वाजविल्यास कालखंडांतील भेद केवळ कार्यक्रमपत्रिकेपुरता उरतो. वादकांची संख्या, लय व आघात रचनेनुसार बदलणे ही संचालकाची खरी कसोटी होय.

महाराष्ट्रात या संगीताचे केंद्र मुंबई हेच राहिले. तेथे मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये ‘बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापिला. खुशरू सनटूक व व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ या संस्थेत ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला. झाकिर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबल्यासाठी रचलेला कंचेर्टो याच वाद्यवृंदाने २०१५ मध्ये प्रथम सादर केला. जुन्या कृतींच्या मालिकेत अशी नवी, स्थानिक परंपरेतून आलेली रचना ठेवल्याने मैफल संग्रहालयाचे रूप घेत नाही. समकालीन संगीत ऐकण्याची अठराव्या शतकातील वृत्तीही तीत पुन्हा जागते.

मुंबईबाहेर मात्र हे संगीत फारसे पोहोचलेले नाही. बारामती–इंदापूरसारख्या भागांतही क्लॅरिनेट, ट्रंपेट ही वाद्ये लग्नाच्या बँडमुळे अपरिचित नाहीत. परंतु बँड प्रायः एकच चाल सर्व वाद्यांवर मिळून वाजवितो. अनेक स्वरधारा एकाच वेळी ऐकण्याची सवय त्यातून लागत नाही. त्यामुळे तेथील श्रोत्याला अडचण येते ती वाद्यांच्या परकेपणाची नव्हे, तर या श्रवणसंस्काराच्या अभावाची. कमी वाद्यांच्या जुन्या रचनांपासून मोठ्या सिंफनींपर्यंत क्रमाने नेणारी संमिश्र मैफल हा संस्कार घडविण्यास विशेष उपयुक्त ठरू शकते.