विठाबाईंचा नाच कोणी लिहिला?

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव निघाले की आपल्याकडे एकच प्रसंग सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला सज्ज झाल्या. आमच्या शिक्षकांच्या खोलीपासून गावच्या पारापर्यंत ही हकिकत सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु बाई नाचत कशा, असे विचारले की सारे गप्प होतात. मराठी समीक्षेचे हे दारिद्र्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. घरात भाऊ-बापूंचा नामांकित फड होता. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार, अखेरची हलाखी, १५ जानेवारी २००२ रोजी निधन, पुढे त्यांच्या नावे शासनाचा जीवनगौरव पुरस्कार. हा सारा तपशील आयुष्याचा झाला, कलेचा नव्हे. गवळणीतला खट्याळपणा, लावणीतली अदा आणि वगातला अभिनय एकाच रात्री निभावणे, ढोलकीच्या तोड्याला पायातल्या चाळांनी उत्तर देणे, तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत नजर पोचवणे, ही विद्या आहे. तिची नोंद कुठे आहे?

फ्रान्सकडे पाहा. पॅरिसमध्ये १७०० सालीच पदन्यास कागदावर उतरवण्याची फ्यूए याची पद्धत छापली गेली. तेओफील गोतिए हा कवी वर्तमानपत्रांतून बॅलेवर लिहीत असे. १८४१ च्या ‘जिझेल’च्या कथानकातही त्याचा हात होता. म्हणूनच त्यातली नायिका कार्लोता ग्रिसी कशी नाचे, हे आजही वाचता येते. मराठीत रोहिणी भाटे यांनी ‘माझी नृत्यसाधना’ लिहिले, इसाडोरा डंकनचे आत्मकथन ‘मी इसाडोरा’ म्हणून आणले. रोहिणीताईंच्या हाती लेखणी होती. विठाबाईंच्या वेळी मात्र लेखणीवाले बहुधा कनातीबाहेरच राहिले.

तो प्रसंग सांगू नये, असे मी म्हणत नाही. पण बाळंतपणाच्या रात्रीही जिला सुट्टी नाही, तिच्या नाइलाजाला आपण ‘कलेवरची निष्ठा’ म्हणून टाळ्या देतो. त्यात तिची कला झाकली जाते आणि आपली जबाबदारीही.

आपला सीमाभाग दोन्ही भाषांचा कान असलेला. इथे कन्नड ‘श्रीकृष्ण पारिजात’ ऐकणारा माणूस ढोलकीवरही मान डोलावतो. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूरकडे जुने फड पाहिलेली माणसे अजून घरोघर असतील. या दिवाळीत नातवंडांनी आजोबांजवळ वही घेऊन बसावे. बाईंनी काय सोसले एवढेच न विचारता, पाय कसा पडे, हात कुठे थांबे, ढोलकी कधी गप्प होई, तेही विचारावे आणि लिहून ठेवावे. ही माणसे गेल्यावर सांगायला कोणी उरणार नाही.