ब्रिजभूषण काबरा यांची गिटार : काय घेतले, काय गाळले

परमुलखातून आलेले वाद्य आपल्या संगीतात रुळले असे केव्हा म्हणावे? हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही. ग्वाल्हेरच्या भैयासाहेब गणपतरावांनी हार्मोनियमवर ठुमरी अशी खेळवली की पेटीचे परकेपण श्रोत्यांच्या ध्यानीही राहिले नाही. तरीही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याच पेटीला मज्जाव केला. व्हायोलिनच्या वाट्याला मात्र हा वनवास आला नाही. गजाननराव जोशी आणि वाईचे वि. गो. जोग यांच्या हाती ते सहज गाऊ लागले. दोन्ही वाद्ये युरोपातलीच, मग हा भेद का? कारण उघड आहे. पेटीचा प्रत्येक स्वर आपापल्या पट्टीखाली बंदिस्त असतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर ती उडी मारते. व्हायोलिनची तार बोटाखाली मोकळी असते, म्हणून त्यावर मींड निघते. आपल्या संगीताने पाहुण्याचे कूळ विचारले नाही, मींड येते का एवढेच विचारले.

या कसोटीवर गिटारची स्थिती मोठी चमत्कारिक ठरते. तिला तार आहे, पण त्या तारेखाली पडदे ठोकलेले आहेत. म्हणजे अर्धी व्हायोलिन, अर्धी पेटी! अशा वाद्यावर अलीअकबर खाँसाहेबांच्या तालमीतला आलाप वाजवून दाखविणाऱ्या ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी घेतलेले निर्णय आम्हांला विचारार्ह वाटतात. त्यांच्या वादनाचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु कोणते वाद्य घेतले, त्यात काय बदलले आणि काय जसेच्या तसे ठेवले, याकडे रसिकांचे लक्ष कमी गेले.

प्रथम संस्कारांचा विचार करू. काबरा जोधपूरचे. त्या संस्थानच्या दरबारात अलीअकबर खाँ काही वर्षे वादक होते. ब्रिजभूषणांचे बंधू दामोदरलाल काबरा यांनी त्यांच्याकडूनच सरोद घेतले. म्हणजे घरात सरोदचा नाद घुमत होता आणि धाकट्याने सरोद हाती घेतले असते तर कोणालाच नवल वाटले नसते. त्यांनी घेतली हवाईयन गिटार. तिचे मूळ प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने धातूचा तुकडा तारांवरून सरकवण्याची पद्धत तेथे रूढ केली. पुढे ताऊ मो यांच्यासारख्या हवाईयन कलावंतांबरोबर ती हिंदुस्थानात आली आणि कलकत्त्यात विशेष रमली. आमच्या पिढीने ती ऐकली ती प्रामुख्याने सिनेगीतांच्या धुनांमधून. सुनील गांगुली, व्हॅन शिपले ही नावे वाचकांना आठवतील. धून गोड असे, परंतु त्या वाद्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नसे.

काबरांनी हेरले ते त्या गोडव्यामागचे तत्त्व. गिटार मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून फिरवली की पडदे निरुपयोगी होतात. ते जागच्या जागी असतात, पण तार त्यांना टेकतच नाही. आपल्याकडे विचित्र वीणेवर बट्टा फिरतो, दक्षिणेत गोट्टुवाद्यावरही तीच रीत आहे. त्यामुळे हे तंत्र आपल्याला सर्वस्वी अपरिचित नव्हते. सरोदने तरी दुसरे काय केले? अफगाणी रबाबाच्या लाकडी दांडीवर गुळगुळीत धातूची पाटी बसली, पोलादी तारा आल्या आणि त्या वाद्याला मींड सापडली. हाफिज अली खाँसाहेबांचे सरोद ऐकलेल्या ग्वाल्हेरकरांना हे निराळे सांगायला नको.

आता वाद्याची निवड पाहा. काबरांच्या हाती होती अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीची ‘सुपर ४००’. हा नमुना १९३४ च्या सुमारास बाजारात आला आणि त्याची किंमत चारशे डॉलर, म्हणून हे नाव. पोटाची रुंदी अठरा इंच, वरची तबकडी सारंगीसारखी सपाट नव्हे तर व्हायोलिनप्रमाणे कोरून फुगवटा दिलेली आणि तिला तशीच नागमोडी छिद्रे. मोठ्या जाझ वाद्यवृंदात ध्वनिवर्धकाविना ऐकू जावी या हेतूने ती घडवलेली. अशा गिटारीचा आघात ठसठशीत असतो, मात्र नाद साध्या सपाट गिटारीइतका रेंगाळत नाही. सिनेगीते वाजविणाऱ्यांची विजेवरची गिटार याच्या नेमकी उलट. तिचा स्वर हवा तितका लांबतो. आलाप वाजवायचा तर लांबणारा स्वर घ्यावा, असेच कोणी म्हणेल. काबरांच्या गिटारीत मात्र आघाताला मान आहे आणि आमच्या मते येथेच सरोदचा संस्कार दिसतो. नखीचा बोल स्पष्ट उमटला पाहिजे, मींड त्या बोलातून निघाली पाहिजे, ही मैहरची शिस्त आहे.

फेरफार त्यांनी बेताचेच केले. तारा पडद्यांपासून उचलल्या जाव्यात म्हणून तारगहन उंच केली आणि झाल्यासाठी चिकारीची सोय केली. ज्या गिटारीवर त्यांनी नाव मिळविले तिच्यावर तरफांचे जाळे नव्हते. म्हणून त्यांच्या आलापात दोन स्वरांमधली शांतता खरोखर शांत राहते.

१९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत हे गुण सर्वांच्या कानी पडले. तिच्यामागे एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी होते, तेच आपले भावगीतगायक. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, अशी तिची कल्पना. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, तबल्यावर माणिकराव पोपटकर. लोक संतूर आणि बासरीचीच आठवण काढतात. परंतु लक्षपूर्वक ऐकावे. संतूर थेंब पाडते, मींड तिच्या प्रकृतीत नाही. बासरीचा स्वर श्वासाबरोबर वाहतो. या दोहोंच्या मध्ये तारेचा बोल आणि गळ्याची मींड एकाच वेळी देऊ शकणारे वाद्य गिटारच आहे. ती मागे राहून दोघांना जोडते.

दोषही सांगितले पाहिजेत. सरळ कांडी बोटासारखी वळत नाही. द्रुत तानेत प्रत्येक स्वर सुटा ठेवणे तिला अवघड जाते, मधले स्वर पुसट होतात. गमकेचा जोरही सरोदइतका उमटत नाही. शिवाय काबरांचा जोड ऐकताना अनेकदा वाटते की येथे गुरूंचे सरोदच गिटारीतून बोलते आहे आणि गिटारीला स्वतःचे असे काही सांगायचे आहे की नाही, ते कळत नाही. हा आक्षेप आम्ही पूर्णपणे नाकारत नाही. विलंबित आलापात मात्र तो टिकत नाही. तेथील लांब, अखंड मींड सरोदलाही साधत नाही.

पुढच्या वादकांनी निराळी वाट धरली. पं. रविशंकरांचे शिष्य विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेवर वीस तारा आहेत. त्यांपैकी बारा तरफांच्या. राय कूडर यांच्यासमवेत केलेल्या १९९३ च्या ध्वनिमुद्रिकेला पुढल्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि या वादनप्रकाराला जगभर कीर्ती लाभली. काबरांचे शिष्य देबाशीष भट्टाचार्य यांनीही तारा वाढविल्या, नवी वाद्ये घडविली. त्यांची तयारी निर्विवाद थोर आहे. पण तरफांच्या गुंजारवात स्वर सदैव सजलेला भेटतो, उघडा भेटत नाही. वाद्याला वीणेचे नाव आणि वीणेचा साज दिल्याने ते अधिक भारतीय होते काय? काबरांनी ‘गिटार’ हे नाव बदलले नाही, तिचे रूपही फारसे लपवले नाही. बदलले एवढेच, ज्यावाचून राग वाजला नसता.

दूरच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मंडळींना यात आपल्या घरचाही प्रश्न ऐकू येतो. नव्या भूमीत रुळण्यासाठी नाव आणि वेश बदलावा लागतो, की एखादी तारगहन उंच केली तरी पुरते? आमच्या वाडवडिलांच्या बोलीत माळवी, गुजराती, कानडी शब्द मिसळले, पण वाक्य मराठीच राहिले. काबरांच्या गिटारीतही असेच घडले आहे. तिचे लाकूड अमेरिकेचे, कांडी हवाईची, वाक्य मैहरचे. ती जुनी ध्वनिमुद्रिका ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी एकदा केवळ गिटारीकडे कान देऊन ती ऐकावी, एवढीच विनंती.