तीन गोळ्यांचा पुरावा

संशोधनपद्धतीची पुस्तकं उदाहरण म्हणून बहुतेक वेळा खताचा प्रयोग देतात, नाहीतर औषधाची चाचणी. आज जरा वेगळं घर बघू. अमेरिकेत बरेच नेमबाज रायफल-रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच भरतात. झाडलेली पितळी केस जपून ठेवायची, तिला नवा प्रायमर लावायचा, मोजून दारू घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. आपल्याकडे काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम, 1959 खाली परवाना लागतो, त्यामुळे हा छंद आपल्या ओळखीचा नाही. पण यातला मुख्य प्रश्न तुमच्या प्रबंधातलाच आहे: बऱ्याच पर्यायांतून 'सर्वोत्तम' कसा ठरवायचा?

इथे पर्याय म्हणजे दारूचा प्रकार आणि तिचं वजन. वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. प्रकार निवडायला दारू जळण्याच्या वेगाचे तक्ते असतात, सगळ्यात जलद वर आणि सगळ्यात संथ खाली. हे तक्ते क्रमवाचक आहेत. वर्गात पहिला आणि दुसरा यांच्यात किती गुणांचा फरक आहे हे क्रमांकावरून कळत नाही, तसंच इथेही. नावांचा घोळ आणखी वेगळा. आयएमआर 4350 आणि एच 4350 यांचा आकडा एकच, पण दारू दोन वेगळ्या. एकीची मापं दुसरीला लावायची नाहीत, असं भरणाऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावलं जातं. प्रश्नावलीतलं 'समाधान' हे शीर्षक दोन अभ्यासांत सारखं दिसलं म्हणून आकडे शेजारी मांडणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

आता मुख्य मुद्दा. वजन ठरवायची एक लोकप्रिय रीत आहे, 'लॅडर टेस्ट', म्हणजे शिडी. तिचं श्रेय क्राइटन ऑडेट या अमेरिकन नेमबाजाला देतात. प्रत्येक काडतुसात आधीच्यापेक्षा किंचित जास्त दारू भरायची, लांबच्या लक्ष्यावर एकेक गोळी झाडायची आणि कोणती गोळी किती उंचीवर लागली ते मांडायचं. लागोपाठच्या तीन-चार गोळ्या एकाच उंचीवर लागल्या, की ती 'सपाट जागा' सापडली, आणि तेच आपलं वजन. यामागचं कारणही पटण्यासारखं दिलं जातं: गोळी सुटताना नळी थरथरते आणि या वजनाला गोळी थरथरीच्या अनुकूल क्षणी बाहेर पडते.

माझा आक्षेप या कारणावर नाही, ते खरंही असेल. अडचण ही की ते खोटं असतं तरी ही चाचणी सपाट जागा दाखवणारच. दहा-बारा गोळ्यांच्या उंचीत नुसता यादृच्छिक गोंधळ असला तरी कुठेतरी तीन शेजारी एका रेषेत येतातच. विश्वास नसेल तर स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकडे घालून पाच मिनिटांत बघा. आणि कारण आधीच पटलेलं असलं की आपण ती जागा तपासत नाही, ओळखतो. पायलट स्टडीत हेच होतं, फक्त तिथे बंदुकीचा आवाज येत नाही.

दुसरी रीत म्हणजे प्रत्येक वजनाच्या तीन-तीन गोळ्या झाडून सगळ्यात लहान गट आणि सगळ्यात सारखा वेग देणारं वजन निवडायचं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन गोळ्यांचे वेग सेकंदाला 2700, 2706 आणि 2712 फूट. प्रमाण विचलन आलं 6. वाह! पण तीन निरीक्षणांवरून काढलेल्या या 6 चा 95 टक्के विश्वास अंतराल, वेगांचं वितरण नॉर्मल धरलं तर, साधारण 3 ते 38 असा येतो. म्हणजे तुमची दारू उत्तम असू शकते किंवा अगदी टाकाऊ. तीन गोळ्यांना ते ठाऊक नाही. तीस गोळ्यांवर तेच 6 आलं असतं तर अंतराल सुमारे 4.8 ते 8.1 झाला असता.

गटाच्या आकाराचंही तसंच. गट म्हणजे सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर, आणि ते गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतंच. त्याच बंदुकीचा, त्याच काडतुसांचा दहा गोळ्यांचा गट तीन गोळ्यांच्या गटाच्या सरासरी दीडपटीहून थोडा मोठा येतो. शिवाय दहा वजनांचे तीन-तीन गोळ्यांचे गट घेतले आणि दहाही वजनं खरं तर सारखीच असली, तरी त्यातला सगळ्यात लहान गट सरासरीच्या जवळपास निम्मा निघतो. तोच फोटोत जातो. पुढच्या आठवड्यात गट मोठा आला की दोष वाऱ्याला, नाहीतर स्वतःच्या हाताला.

एखादी गोळी फारच लांब गेली तर तिला 'फ्लायर' म्हणून मोजणीतून वगळतात. गंमत म्हणजे बाहेरची निरीक्षणं कधी वगळावीत याची चाचणी ज्यांच्या नावाने आपण शिकतो, ते फ्रँक ग्रब्स अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेतच होते. छोट्या नमुन्याचं गणित 1908 मध्ये मांडणारे गॉसेट गिनेसच्या बिअर कारखान्यातले. दोन्ही अर्थांच्या दारूने संख्याशास्त्राचं भलं केलंय!

या मंडळींना हसून मोकळं होऊ नका. त्यांची काही शिस्त आपल्या कितीतरी प्रयोगशाळांपेक्षा बरी आहे: दारूचा लॉट क्रमांक लिहिणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, निर्मात्याच्या पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या वजनापासूनच वर जाणं. मात्र या शेवटच्या नियमातच एक खोच आहे. दाब जिवावर बेतू नये म्हणून वजन चढत्या क्रमानेच वाढवावं लागतं, यात तडजोड नाही. पण त्याच क्रमाने नळी तापत जाते आणि काजळी साचते. मग फरक वजनाचा की तापलेल्या नळीचा? उपाय म्हणजे दोन टप्पे वेगळे करणं. सुरक्षिततेचा टप्पा चढत्या क्रमाने पुरा करायचा. तुलनेचा टप्पा त्यानंतर, सुरक्षित ठरलेल्या वजनांतच, क्रम मिसळून. आलटून-पालटून एकेक गोळी झाडायची पद्धत काही नेमबाज वापरतातही. मी त्यात एवढंच घालेन: निवडलेलं वजन आणि नाकारलेली दोन, प्रत्येकी तीस काडतुसं, डब्यांवर फक्त क, ख, ग, आणि कुठल्या डब्यात काय हे झाडणाऱ्याला माहीत नसावं. खर्च होतो, नळीही झिजते, हे खरं. पण मग 'परवडलं नाही म्हणून ठरवता आलं नाही' असं लिहावं, 'सिद्ध झालं' असं नव्हे.

रिव्हॉल्व्हरचं प्रकरण याहून किचकट. .38 स्पेशल हे काडतूस काळ्या दारूच्या काळातलं, त्यामुळे आजची थोडीशी दारू घातल्यावर केसमध्ये बरीच जागा रिकामी राहते. झाडण्याआधी नळी वर केली होती की खाली, यावर दारू प्रायमरजवळ आहे की गोळीजवळ हे ठरतं, आणि त्याने वेग बदलतो. त्यात फिरत्या चक्राची घरं सहा, आणि सहाही तंतोतंत सारखी नसतात. दोन वजनांच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या आणि कुठली कुठल्या घरातून गेली हे लिहिलं नाही, तर फरक दारूचा की घराचा हे नंतर कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं करू शकत नाही. घरांना 1 ते 6 आकडे द्यायचे, प्रत्येक वजन प्रत्येक घरातून सारख्याच वेळा झाडायचं आणि वहीत दोन रकाने वाढवायचे: घर कोणतं, आणि झाडण्याआधी नळी कुठे होती.