‘समाजस्वास्थ्य’ : एक फेरविचार

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाविषयी लिहिताना त्यांच्या धैर्याचे गुणगान करून थांबण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढावे, त्या प्रचारापायी गणिताच्या प्राध्यापकपदास मुकावे, आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत मासिक नेटाने चालवावे, हे धैर्य असामान्य खरेच. परंतु धैर्याची स्तुती करताना विचाराचे मूल्यमापन राहून जाते, असे आम्हांस वाटते.

कर्व्यांच्या विचाराचे मर्म असे : मातृत्व हे स्त्रीचे प्राक्तन नव्हे, तो तिच्या इच्छेचा विषय आहे, आणि कामसुखावर पुरुषाइतकाच तिचाही अधिकार आहे. हे सांगताना ते अलंकार वापरीत नाहीत, आर्जव करीत नाहीत. प्रमेय सिद्ध करावे तसे पायरीपायरीने मांडतात. शरीराच्या अवयवांना त्यांच्या नावाने संबोधणारे हे निःसंकोच गद्य मराठीस नवे होते. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले, तरी कर्व्यांना दंड झालाच.

तथापि या मासिकातील एक विसंगती नजरेआड करता येत नाही. मुखपृष्ठावर वारंवार विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. देहाविषयीची लाज घालवावी हा संपादकांचा हेतू आम्ही मान्य करतो. पण लाज घालविण्यासाठीही स्त्रीचाच देह पुढे करावा लागावा, यात समतेच्या पुरस्कर्त्याची दृष्टी पुरुषाचीच राहिली, असे म्हणणे भाग आहे. स्त्रीची बाजू येथे हिरिरीने मांडली जाते. परंतु मांडणारा बहुधा तिचा वकील असतो, ती स्वतः नसते.

हा दोष एकट्या कर्व्यांचा नव्हे. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा कर्व्यांचे साधन स्वीकारले गेले, तत्त्व मात्र मागे पडले. स्त्रीच्या इच्छेची जागा लोकसंख्येच्या हिशेबाने घेतली. १९६८ च्या तेहरान येथील मानवी हक्क परिषदेने अपत्यांची संख्या व त्यांतील अंतर ठरविणे हा आईबापांचा मूलभूत हक्क मानला. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारात तो स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने मिळाला, आणि १९९३ साली भारतानेही त्या करारास मान्यता दिली. असे असूनही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःची नसबंदी करून घेतल्याचे आढळले. ज्यांच्या पतीची नसबंदी झाली होती, त्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची आहे.

संतती नको हा निर्णय दोघांचा, सुरी मात्र एकीवर! कर्व्यांच्या पुतळ्यास हार घालण्यापूर्वी या दोन आकड्यांचा जाब आपण स्वतःस विचारावा, हीच ‘समाजस्वास्थ्या’ची खरी समीक्षा होईल.